बर्फातल्या बाईचा कागद

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही मी विकत घेतलेली नाही. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंनी दिली. म्हणाल्या, "रोज काय शोधलं, कुठे शोधलं ते तारीख टाकून लिहा. आणि जे मिळालं नाही ते तर नक्की लिहा." मी म्हटलं, बाई, माझ्या चार यत्ता झाल्यात, मी सोफ्याच्या खोळी शिवते, मला कशाला लिहायला लावता? तर म्हणतात, "खोळ शिवताना मापं लिहिता ना? मग हीही मापंच समजा." वयाने माझ्या लेकीएवढी, पण उत्तर तयार असतं.

तर मापं.

लांब्या हा माझा मावसभाऊ. बसच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहे. वय अडतीस, उंची दाराएवढी आणि अक्कल उंबऱ्याएवढी. मावशी आठ वर्षांपूर्वी हृदयाच्या दुखण्याने गेली. तेव्हापासून हा झोपायला स्वतःच्या घरी आणि जेवायला आमच्याकडे. माझ्या आईला तो मोठीआई म्हणतो. आईने त्याला लहानपणापासून फार जपलंय. ताटातलं चांगलं ते आधी त्याला, मग मला. मी बोलून दाखवलं की म्हणायची, तू काय, तू कणखर आहेस.

त्याच्या पित्ताशयात खडे झालेत. गेल्या शुक्रवारी ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमच्या घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता?" लांब्या हसत म्हणाला, "माझ्या आईला झाला होता की. टेबलावर तापली म्हणे, बर्फात घातली तेव्हा वाचली." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि ऑपरेशन रद्द.

त्यांनी मला बोलावून समजावलं. काही घराण्यांत अंगातच एक खोट असते. भुलीचा ठरावीक वायू किंवा इंजेक्शन दिलं की स्नायू लाकडासारखे होतात, अंग चुलीसारखं तापतं आणि माणूस जातो. आईला असेल तर मुलाला असू शकतं. त्यावरचं औषध या छोट्या दवाखान्यात नाही, मोठ्या रुग्णालयात आहे. मोठं रुग्णालय लगेच घेईल, पण लिहिलेला कागद हवा. नुसत्या ऐकीव गोष्टीवर आधी स्नायूचा तुकडा काढून तपासतात आणि त्याची रांग चार महिन्यांची. "तो ताप जंतूंचाही असेल," म्हणाल्या. "त्या वेळच्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते आणा."

"आणि चार महिन्यांत खडा अडकला तर?"

"तर इथेच घाईने कापावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्या औषधाशिवाय." मला कळलं.

मावशी ती गोष्ट रंगवून सांगायची. "मला बाजारातल्या मासळीसारखं बर्फावर मांडलं होतं, फक्त भाव लावायचा राहिला." आम्ही पोट धरून हसायचो. आई तेवढी उठून आत जायची. आईला विनोद कळत नाहीत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मावशीला बर्फात घातलं त्या सरकारी दवाखान्याच्या तळघरात रेकॉर्डची खोली. भिंतभर लाकडी खण. एका पेशंटचं एक कार्ड, ते नावाप्रमाणे लावलेलं. कार्डावर नंबर असतो, त्या नंबराचा गठ्ठा मागच्या खोलीत. रेकॉर्डवाला टेबलामागे पेन्सिलींना टोक करत बसला होता. सात पेन्सिली, सगळ्या टोकदार. लिहीत काहीच नव्हता.

मी मावशीचं नाव सांगितलं. वर्ष सांगितलं, छत्तीस वर्षांपूर्वीचं. त्याने खण ओढला, बोटाने कार्डं मागे-पुढे केली.

"नाही."

"नीट बघा."

"बाई, मी अठ्ठावीस वर्षं नीटच बघतोय."

"मग एकोणतिसाव्या वर्षीही बघा."

नवऱ्याच्या नावाने बघायला लावलं, लग्नाआधीच्या नावाने बघायला लावलं, मागची-पुढची दोन-दोन वर्षं बघायला लावली. नाही. "या नावाची बाई या दवाखान्यात कधी आलीच नाही," म्हणाला.

"म्हणजे माझी मावशी घरी बसल्याबसल्या बर्फात पडली होती?"

"ते मला कसं माहीत? मी कार्ड सांभाळतो, बर्फ नाही."

घरी येऊन आईला सांगितलं, नाव कुठेच नाही. आईने डोळे मिटले आणि म्हणाली, "बरं झालं." मी बघतच राहिले. मग म्हणाली, "म्हणजे, आता तुझी पायपीट तरी थांबेल."

थांबेल कशी? मी सोमवारी परत जाणार आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आईचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी म्हणाली, त्या काळचे कागद जळाले, आग लागली होती. दुपारी मी सरळ तळघरात जाऊन विचारून आले. रेकॉर्डवाला म्हणाला, "आग? इथे मला काडेपेटीसुद्धा आणू देत नाहीत." आईला येऊन सांगितलं तर म्हणते, मला तसं आठवत होतं.

मग म्हणाली, "आपण त्याला मोठ्या रुग्णालयातच नेऊ. चार महिने तर चार महिने. मी रोज जाऊन बसते त्यांच्या दारात. पण ते जुनं उकरू नकोस."

"जुन्यात काय सोनं पुरलंय?"

"तुला सगळ्याची घाईच," म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. वय झालं, दुसरं काय.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज ग्रंथालय. पुस्तकवाल्या बाई म्हणाल्या, कार्ड नसेल तर दुसरी वाट आहे. असं विचित्र काही घडलं की डॉक्टर लोक त्यावर मासिकात लेख लिहितात. पण लेखात पेशंटचं नाव छापत नाहीत, लिहिणाऱ्याचं छापतात.

"म्हणजे तापली ती बिननावाची आणि ज्याने बघितलं त्याचं नाव मोठ्या अक्षरात?"

"पेशंटची अब्रू राखायला असते ती पद्धत."

"असेल. पण मला आता अब्रू नको, नाव हवंय."

बाई हसल्या नाहीत, कामाला लागल्या. ते मला आवडलं. त्यांनी दवाखान्याचा त्या वर्षीचा अहवाल काढला. पिवळा पडलेला, कडा पापडासारख्या तुटत होत्या. त्यात डॉक्टरांची यादी होती. त्या वर्षी भूल देणारे तिघे होते. आता तिघांची नावं एकेक करून संगणकात घालायची आणि कुणी कुठे काय लिहिलं ते बघायचं. पहिल्याने काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्याचे नऊ लेख. तिसऱ्याचे एकेचाळीस. मी म्हटलं, हा माणूस एवढं लिहीत बसायचा तर भूल कोण द्यायचं?

पन्नास लेख, जाड बांधलेल्या खंडांत. बाई खंड काढून देतात आणि मी वाचते. वाचते म्हणजे काय, मला डॉक्टरी भाषा कळत नाही. मी प्रत्येक ओळीखाली बोट धरून एकच शब्द शोधते. बर्फ. बर्फ असला की बाईंना हाक मारायची.

आज अकरा लेख झाले. एका लेखात बर्फ होता. तो पुरुष निघाला, आणि बर्फही सुजलेल्या पायावर लावलेला. त्याचा दवाखान्यातला नंबर लिहून पुढे फुली मारली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल-आज गेले नाही. लग्नाच्या हॉलच्या चाळीस खुर्च्या द्यायच्या होत्या. आई मदतीला बसली. तिची डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. मी सात वर्षांची असताना खोक्यांच्या कारखान्यात मशीनखाली आली होती. तरी सुईत दोरा माझ्याआधी ओवते. आज मात्र तीनदा टोचून घेतली आणि एका खोळीची उलटी बाजू वर शिवली. उसवायला मलाच बसावं लागलं. मी ओरडले. लांब्या आला होता, तो म्हणाला, "ताई, मोठीआईवर ओरडू नकोस, माझ्यावर ओरड, मला सवय आहे."

त्याला जेवण जात नाही. अर्धा पाव खाल्ला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अडतीस लेख झाले. एकोणचाळिसाव्यात बर्फ. पहिल्याच पानावर दोनदा. मी एवढ्या जोरात हाक मारली की शेजारच्या टेबलावरच्या मुलाची चष्म्याची डबी पडली.

बाईंनी साध्या भाषेत वाचून दाखवलं. एका स्त्रीला पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनसाठी भूल दिली. जबडा घट्ट मिटला. अंग तापत गेलं. जवळच्या बर्फाच्या कारखान्यातून लाद्या मागवल्या, गोणपाटात फोडल्या आणि तिला त्यात ठेवलं. स्त्री वाचली.

"हीच!" मी म्हटलं.

मग बाई पुढे वाचायला लागल्या. वय तीस. खोक्यांच्या कारखान्यात कामगार. चार वर्षांपूर्वी याच दवाखान्यात एका किरकोळ ऑपरेशनसाठी तिला हीच भूल दिली होती, तेव्हा काहीही त्रास झाला नव्हता.

इथे बाईंचा आवाज चढला. संगणकात काहीतरी बघून म्हणाल्या, "या एका वाक्यासाठी तेहतीस लेखांनी याचा दाखला दिलाय. पहिल्यांदा काही नाही आणि दुसऱ्यांदा एवढं भयंकर. फार गाजलेली केस आहे ही."

मी म्हटलं, "गाजू दे. आमची नाही ही."

"अहो, पण बर्फ..."

"मावशी तेव्हा तेवीस वर्षांची होती. कारखान्यात ती कधी गेली नाही, घरी बसून कागदाच्या पिशव्या चिकटवायची. आणि तिचं ते पहिलंच ऑपरेशन."

"वय लिहिताना चुकतं कधीकधी."

"सात वर्षांनी? मी कापड सात इंच चुकले तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल."

त्या वर्षी खोक्यांच्या कारखान्यात तीनशे बाया होत्या, त्यातली असेल कुणीतरी. बाई म्हणाल्या, ठीक आहे, पण खाली दवाखान्याचा नंबर दिलाय तो लिहून ठेवा. लिहिला. ४४१७. पुढे फुली. आपली नव्हे.

रागाने पाय आपटत घरी आले. आईला म्हटलं, "एक बाई सापडली. तशीच बर्फात घातलेली. पण आपली नाही."

आई म्हणाली, "कारखान्यातली म्हणून का?"

"हो. आणि वयही जास्त."

"वाचली असं लिहिलंय ना तिच्याबद्दल?"

"वाचली म्हणूनच तर लिहिलं."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुपारी लांब्या जेवायला आला आणि दारातच दुमडला. एवढा उंच माणूस, जमिनीवर घडी घातल्यासारखा. रिक्षात बसवताना पाय मावेनात. डोळे पिवळेधमक. खडा नळीत अडकलाय. छोट्या दवाखान्यातच ठेवलं, दुसरीकडे कोण घेणार. सलाईन आणि इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, तीन-चार दिवस बघू, उतरलं नाही तर इथेच उघडावं लागेल.

भुलीच्या डॉक्टरबाईंनी बाजूला घेतलं. "काही मिळालं?"

"अजून नाही. मिळेल."

"लवकर," एवढंच म्हणाल्या.

आई त्याच्या पायाशी बसली होती. पाणीही घेतलं नाही. नुसते ओठ हलत होते, आवाज नाही. मी म्हटलं, रडून काय होणार, सरक तिकडे, नर्सला वाट दे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ऐक ना." मी म्हटलं, आता नको, औषध आणायचंय. गेले. परत आले तर ती त्याचे पाय चेपत होती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी वही उघडली. नवीन काही उरलं नव्हतं. पन्नास लेख संपले, नावं संपली, डॉक्टर संपले. उरल्या त्या फुल्या. सात फुल्या, सात नंबर. म्हटलं, फुल्या तर फुल्या. जे आपलं नाही तेही एकदा हाताने उलटं करून बघू. सोफा सगळा उसवल्याशिवाय आत काय कुजलंय ते कळत नाही.

रेकॉर्डवाल्यापुढे वही ठेवली. "हे सातही गठ्ठे काढा."

"नाव?"

"नाव नाही. नंबर आहेत. नंबराने काढा."

"उद्या या."

"माझा भाऊ दवाखान्यात पिवळा पडलाय. मी उद्या येणार नाही आणि आज जाणार नाही."

त्याने पेन्सिल ठेवली आणि उठला. पहिला पुरुष. दुसरं लहान मूल. तिसरा, चौथा, पाचवा, कुणी आपलं नाही. सहावी म्हातारी. मग ४४१७. त्याने फडक्याने धूळ झटकली आणि वरचं नाव मोठ्याने वाचलं.

मी म्हटलं, "हे काय, चेष्टा करता? मी तुम्हाला मावशीचं नाव सांगितलं होतं, तुम्ही माझ्या आईचं वाचताय!"

तो म्हणाला, "बाई, तुमच्या आईचं नाव तुम्ही मला कधी सांगितलंत?"

नव्हतंच सांगितलं.

त्याने गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. आईचं नाव, आईचं वय तीस, आईच्या कारखान्याचं कार्ड, कार्डाचा नंबर. वरच्या कागदावर चार वर्षांआधीची नोंद: डाव्या हाताची दोन बोटं. ती आईचीच. मला आठवतं, पांढरी पट्टी बांधून आली होती. खालच्या कागदावर पोटाचं ऑपरेशन, ताप, बर्फ. आईचं पोट कधीच कापलेलं नाही. मी तिला आंघोळ घातलीय आजारपणात, मला माहीत नाही?

मग भुलीआधीचा छापील कागद. पेशंट बोलण्याच्या स्थितीत नाही, म्हणून बहिणीला विचारून भरला, असं वर लिहिलंय. पूर्वी भूल दिली होती का? हो. त्रास झाला होता का? नाही. खाली सही. सही मावशीच्या नावाची आणि अक्षर आईचं. प्रत्येक अक्षर सुटं, जसं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिते तसं.

मी तिथेच उभी होते. रेकॉर्डवाल्याने स्वतःची खुर्ची उचलून माझ्यामागे आणून ठेवली. मग पाणी आणलं. मग त्याने माझ्या हातातून हळूच कागद घेतले आणि न मागता प्रत्येकाची नक्कल काढून शिक्का मारून दिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल संध्याकाळी आईला दवाखान्यातून घरी आणलं आणि नकला तिच्यापुढे टाकल्या. मला मऊ बोलता येत नाही. म्हटलं, "बोल."

तिने कागदांना हात लावला नाही. लांबूनच बघितलं. "सापडले," म्हणाली. "मला वाटलं मी मेल्यावर सापडतील."

मग बोलली. मी लिहिते तसंच, वाढवत नाही.

मावशीच्या पोटात दोन दिवस कळा होत्या. कार्ड असलेल्यालाच दवाखान्यात लगेच घ्यायचे, नाहीतर दिवसभर बाहेर बाकावर. कार्ड आईकडे होतं, कारखान्याचं. कार्डावर फोटो नव्हता. आईनेच ते तिच्या हातात दिलं. त्या कार्डावरच्या दवाखान्याच्या जुन्या कागदात बोटांचं लिहिलेलं होतं, म्हणून मावशीच्या धडधाकट दोन बोटांना आईने फडकं बांधलं आणि सांगितलं, कुणी विचारलं तर जुनी जखम ठणकते म्हण.

"मग तो डॉक्टर आला. तरणा होता. म्हणाला, हिला आधी भूल दिली होती ना, काही त्रास? ती कण्हत होती, तिला बोलवेना. मला विचारलं. मी काय सांगणार? नाही दिली म्हटलं असतं तर कार्ड खोटं पडलं असतं. म्हटलं, दिली होती. म्हणाला, त्रास? मी म्हटलं, काही नाही." आईने तोंडावर पदर घेतला. "मला नव्हताच झाला ना काही."

"मग?"

"मग तिला बाहेर आणली तेव्हा मी कपाळाला हात लावला. चटका बसला, गं. तव्यासारखा."

महिनाभर मावशी दवाखान्यात होती. मी अकरा वर्षांची, लांब्या दोनचा, मी त्याला घरी सांभाळत होते, मुलांना आत सोडत नसत. एका नर्सने एकदा फडकं सोडलं. बोटं बघितली. आईकडे बघितलं. आणि फडकं पुन्हा बांधून दिलं, आईपेक्षा नीट.

मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस! मी दोन आठवडे त्या तळघरात आणि ग्रंथालयात डोळे फोडले! तो तिकडे पिवळा पडला!"

आई म्हणाली, "तू विचारलंस कुठे? तू रोज येऊन मलाच सांगत होतीस."

मी नकला गोळा करून वहीत ठेवल्या.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काल सकाळी कागद घेऊन भुलीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सगळं वाचलं. "अगदी तेच आहे. पण यात पेशंट तुमची आई. माझा पेशंट तुमच्या मावशीचा मुलगा. मोठं रुग्णालय विचारेल, याची आई यात कुठे आहे?"

"आई येऊन सांगेल."

"लिहून द्यावं लागेल. आणि त्याला कळल्याशिवाय मी हे पुढे पाठवणार नाही. त्याच्या आईबद्दल आहे."

आईला सांगितलं तेव्हा वाटलं ती रडेल, आजारी पडेल, काहीतरी काढेल. ती उठली, केस विंचरले आणि म्हणाली, "चल."

लांब्याच्या कॉटशी उभी राहिली. बसली नाही. सगळं सांगितलं, कार्डापासून फडक्यापर्यंत, डॉक्टरबाईंकडे बघून. शेवटचं, तो प्रश्न आणि ते उत्तर, ते मात्र त्याच्याकडे बघून सांगितलं.

लांब्या भिंतीकडे वळला. मी तोंड उघडणार होते, डॉक्टरबाईंनी माझा दंड दाबला.

तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "आईला माहीत होतं?"

"शुद्धीवर आल्यावर पहिलं तेच सांगितलं तिला. की मी असं असं बोलले."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुठे बोलू नकोस, तुझी नोकरी जाईल. आणि पुढे कुणी विचारायला लागलं की ती आधीच ती मासळीची गोष्ट काढायची. लोक हसायचे. मग पुढचं कुणी विचारायचं नाही."

लांब्या वळला. डोळे पिवळे आणि ओले. म्हणाला, "मोठीआई, आता या डॉक्टरबाई काय विचारतील त्याचं खरं उत्तर दे म्हणजे झालं."

डॉक्टरबाईंनी विचारलं. आजी, तुम्हाला स्वतःला आयुष्यात भूल किती वेळा दिली? आई म्हणाली, "एकदा. बोटांना." त्यांनी ते लिहिलं, मग मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे दोनदा भूल घेतलेली ती बाई जगात नव्हतीच." मला म्हणाल्या, आईला एकदा त्रास झाला नाही म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. हे रक्तातून येतं. तुम्ही, तुमची लेक, दोघींनी कधी भूल घ्यायची वेळ आली तर आधी हे सांगायचं.

आईने निवेदन स्वतः लिहिलं. तासभर लागला. मी म्हटलं, मी लिहिते, तर म्हणाली, नको, सही माझी आहे तर अक्षरही माझंच असू दे. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

संध्याकाळपर्यंत मोठ्या रुग्णालयातून फोन आला. आज गाडी पाठवतायत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मोठ्या रुग्णालयात लांब्याची कावीळ उतरतेय. पोटात दुर्बीण घालून खडा सोडवला, नुसत्या गुंगीवर, त्या वायूशिवाय. ऑपरेशन मंगळवारी.

पुस्तकवाल्या बाई भेटायला आल्या. त्यांना मासिकाला पत्र लिहायचंय, की त्या लेखातली एक बाई म्हणजे दोन बाया होत्या. तेहतीस लेख दुरुस्त व्हायला हवेत म्हणतात. आईची परवानगी मागितली. आई म्हणाली, "लिहा. माझं नाव घाला, हिच्या मावशीचंही घाला. फक्त त्या नर्सचं लिहू नका."

बाई म्हणाल्या, "नावं छापत नाहीत, आजी."

"मग घालून काय उपयोग?" आई म्हणाली. ही खरी माझी आई.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी आठला आत नेलं. जाताना लांब्या त्या भूल देणाऱ्याला म्हणाला, "मला मासळी करू नका, माझ्या मापाचा ट्रे मिळणार नाही."

बाहेर लांब बाक. मी आणि आई. मी चारदा उठून काचेतून बघितलं, एकदा तिथल्या माणसाने हाकललं. आई एका जागी. हात मांडीवर, पालथे. काही विचारलं नाही, प्यायली नाही, हलली नाही. दर दहा मिनिटांनी मला वाटायचं आता कुणीतरी बर्फ, बर्फ ओरडत बाहेर येईल. मी हे तिला सांगितलं नाही. तिलाही तेच वाटत असणार.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक. मी विचारलं, ताप? ते म्हणाले, छत्तीस पूर्णांक आठ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत छत्तीस पूर्णांक आठ. मी म्हटलं, कागदावर लिहिलंय का? ते हसले, म्हणाले, लिहिलंय.

दुपारी त्याला खोलीत आणलं. अर्धवट जागा होता. आई कॉटजवळ गेली आणि थांबली. हात पुढे केला, मागे घेतला. मग त्याच्या कपाळावर ठेवला. तळहात आधी, मग उलटा करून बोटांची मागची बाजू. मग परत तळहात.

"कसा आहे?" मी विचारलं.

"गार आहे," आई म्हणाली. "गार आहे गं."

लांब्या डोळे न उघडता म्हणाला, "मोठीआई, हात काढ ना. थंडी वाजतेय."

तिने काढला नाही. नर्स आली, रक्तदाब घेऊन गेली. जेवणाची गाडी आली आणि गेली. मी दोनदा म्हटलं, आई, बस तरी. शेवटी मीच खुर्ची ओढून तिच्यामागे लावली. हात न उचलता ती तशीच बसली.